बायोफिल्मपुढे पांढऱ्या पेशी का अडतात

एका मुलानं वडिलांच्या गुडघ्याबद्दल लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा 66 वर्षांचे, मधुमेह जुना. नागपुरातच दीड वर्षापूर्वी उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. गेले काही महिने गुडघा गरम राहतो, दुखतो, टाक्यांच्या रेषेवर पुटकुळी येते, फुटते, पाणी येतं. अँटिबायोटिक सुरू केलं की आठवडाभरात बरं वाटतं, थांबवलं की पुन्हा तेच. सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) वाढलेला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी नॉर्मल, कल्चरमध्ये (नमुन्यातून जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) दोन्ही वेळा ‘नो ग्रोथ’, म्हणजे जंतू वाढले नाहीत. सर्जन म्हणतात इम्प्लांटवर (बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर) बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, झाली आहे, पुन्हा ऑपरेशन लागेल. मुलगा विचारतोय की पेशी पुरेशा आहेत, औषधही चालू आहे, मग शरीर हे जंतू संपवत का नाही? आणि ऑपरेशन टाळून प्रतिकारशक्ती वाढवण्याचा, गुळवेलीच्या काढ्यासारखा, काही उपाय करता येईल का?

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे. नागपुरात बरीच वर्षं अशाच सांध्यांचे, हाडांचे आणि मधुमेही पायांचे नमुने तपासत आले आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावर निर्णय अवलंबून आहे. तुमच्या बाबांची प्रतिकारशक्ती झोपलेली नाही. ती त्या गुडघ्यात रोज राबते आहे. सीआरपी वाढलेला आहे तो तिच्याच कामामुळे. अडचण अशी की या पेशी एकटा-दुकटा जंतू गिळण्यासाठी घडलेल्या आहेत आणि समोर आहे धातूला चिकटलेला, चिकट द्रव्यात गुरफटलेला जंतूंचा अख्खा थर. तो त्यांना गिळता येत नाही, सोडूनही देता येत नाही. या अर्धवट झटापटीत सांध्याभोवतीचं हाड आणि मांस खराब होत जातं. म्हणून प्रतिकारशक्ती ‘वाढवून’ हे सुटत नाही. थर हातानं काढावा लागतो, मग उरलेलं काम याच पेशी नीट करतात. ऑपरेशन त्यासाठीच असतं.

हे का, ते आता सविस्तर सांगते.

बायोफिल्म ही काही दुर्मिळ वस्तू नाही. मे महिन्यात कूलरची टाकी आठवडाभर धुतली नाही तर आतून बोटाला जो बुळबुळीत थर लागतो, तो बायोफिल्मच. सकाळी दातांवर जिभेला लागणारा खरखरीत थर हीसुद्धा बायोफिल्मच. हॉलंडमधले लेवेनहूक यांनी 1683 मध्ये आपल्या दातांवरचा असाच थर खरवडून भिंगाखाली हलणारे जीव पाहिले होते. तरी पुढे जवळपास तीनशे वर्षं आम्ही जंतूंचा अभ्यास केला तो बाटलीत, पातळ रश्शात तरंगणाऱ्या एकेकट्या जंतूंवर. निसर्गात बहुतेक जंतू असे सुटे राहतच नाहीत, पृष्ठभागाला चिकटून वस्ती करतात, हे कॅनडातले बिल कॉस्टरटन यांनी 1978 पासून आग्रहानं मांडलं. आमच्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पद्धती आजही बऱ्याच अंशी त्या बाटलीच्या काळातल्या आहेत. बाबांचं कल्चर रिकामं येण्याशी याचा थेट संबंध आहे, त्यावर खाली येतेच.

हा थर नुसत्या जंतूंचा नसतो. त्याचा मोठा भाग जंतूंनी स्वतःभोवती सोडलेल्या द्रव्याचा असतो. त्यात साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या पेशींमधून बाहेर आलेला डीएनए असतो. हा डीएनए केवळ कचरा नाही, तो थराला धरून ठेवतो. स्युडोमोनास नावाच्या जंतूच्या कोवळ्या बायोफिल्मवर डीएनए तोडणारं एन्झाइम टाकलं की ती विरघळते, हे 2002 मध्ये दाखवलं गेलं. गुडघ्याच्या इम्प्लांटवर बहुधा सापडतात ते स्टॅफिलोकॉकस कुळातले जंतू, त्यातला ऑरियस किंवा एपिडर्मिडिस. एपिडर्मिडिस आपल्या सगळ्यांच्या कातडीवर निरुपद्रवी राहतो. शरीरात धातू किंवा प्लास्टिक बसलं की त्याला चिकटायला जागा मिळते.

इथे एक जुना प्रयोग सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. स्वित्झर्लंडमध्ये वर्नर झिमर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये गिनिपिगच्या कातडीखाली छिद्रं असलेल्या छोट्या नळ्या बसवल्या. नळी नसलेल्या जागी 10 कोटी स्टॅफिलोकॉकस टोचले तरी गळू झालं नाही. नळीत मात्र फक्त 100 जंतू पुरले, आणि 95 टक्के नळ्या पिकल्या. लक्षात घ्या, त्या नळ्यांमध्ये पांढऱ्या पेशी हजर होत्या. प्राणी तोच, पेशीही त्याच, तरी एका परक्या वस्तूमुळे एवढा फरक पडला. दोन वर्षांनी त्यांनीच पाहिलं की नळीभोवती राहिलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद कमी झालेली असते. परक्या पृष्ठभागाशी झगडण्यात त्यांचा दारूगोळा आधीच खर्च होऊन जातो. मग त्यांनी बाहेरून ताज्या न्यूट्रोफिल आणून नळीत सोडल्या. जंतूंबरोबर किंवा त्यानंतर तीन तासांत सोडल्या तेव्हा बहुतेक संसर्ग टळले.

त्या तीन तासांना माझ्या लेखी फार महत्त्व आहे. जंतू धातूला नुसता टेकलेला असतो तेव्हा तो सुटाच असतो, पेशी त्याला गिळू शकते. काही तासांत तो घट्ट धरतो, एकाचे दोन होत गुठळ्या होतात, द्रव्य सुटू लागतं. दोन-चार दिवसांत पक्का थर तयार होतो. ऑपरेशन थिएटरमधली शिस्त, चीर देण्याआधी तासाभरात दिलं जाणारं अँटिबायोटिक, सगळं त्या पहिल्या काही तासांसाठी असतं. नंतर कितीही जोरदार औषध दिलं तरी ती वेळ परत मिळत नाही.

आता पक्क्या थरासमोर पेशीचं काय होतं ते पाहू.

न्यूट्रोफिल ही पांढऱ्या पेशींमधली सर्वांत पुढे धावणारी. शरीर रोज सुमारे 10 हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतं. त्या जंतूचा वास काढत रक्तातून बाहेर पडतात, जंतूला मिठी मारतात, पोटात घेतात आणि तिथे ऑक्सिजनपासून बनवलेल्या जहाल रसायनांनी त्याला जाळतात. न्यूट्रोफिलचा व्यास 12 ते 15 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), स्टॅफिलोकॉकस साधारण 1 मायक्रॉन. हा हिशेब तिच्या बाजूचा आहे. पण मांसात सापडणाऱ्या बायोफिल्मच्या गुठळ्या 200 मायक्रॉनपर्यंत असतात आणि धातूवरचा थर तर सलग पसरलेला असतो. पेशी त्याच्यावर आडवी पसरते, गिळायचा प्रयत्न करते, गिळू शकत नाही. मग पोटात सोडायची ती जहाल रसायनं आणि मांस विरघळवणारी एन्झाइम ती बाहेरच ओतते. थराच्या वरच्या कडेचे काही जंतू मरतात. खालच्यांपर्यंत ते पोचत नाही. शेजारच्या निरोगी ऊतींना मात्र ते पुरेपूर लागतं. तुमच्या बाबांच्या एक्स-रेमध्ये इम्प्लांटच्या कडेनं काळी रेघ दिसत असेल तर ते हाड खाण्याच्या कामात जंतूंइतकाच, किंबहुना जास्त, हात शरीराच्या स्वतःच्या दाहाचा असतो. हिरड्यांच्या आजारात दात हलू लागतात तेही याच तऱ्हेनं.

या कामात न्यूट्रोफिल ऑक्सिजन प्रचंड वापरतात. थराभोवतीची जागा त्यामुळे ऑक्सिजनशून्य होत जाते. त्यानं आत बसलेल्या जंतूंची वाढ मंदावते, आणि वाढ मंदावलेल्या जंतूंवर बहुतेक अँटिबायोटिक चालत नाहीत, कारण ती वाढणाऱ्या जंतूच्या यंत्रणेवर घाव घालणारी असतात. म्हणजे पेशींनी इमानानं केलेल्या कामामुळेच औषधाची धार बोथट होते. मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही सर्वांत क्लेशकारक गोष्ट वाटते.

न्यूट्रोफिलकडे आणखी एक शस्त्र आहे. गिळणं जमलं नाही तर ती स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते आणि जंतूंना त्यात अडकवते. बर्लिनमधल्या संशोधकांनी 2004 मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं. सुट्या जंतूंविरुद्ध ते उपयोगी पडतं. बायोफिल्मपुढे मात्र ते उलटतं. थराला डीएनए हवाच असतो, पेशीचा असो की जंतूचा, तो बांधकामात वापरला जातो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर त्याच्याही पुढे जातो. हे जाळं तो स्वतःच्या एन्झाइमनं तोडतो आणि त्या तुकड्यांपासून डीऑक्सिअडिनोसिन नावाचं रसायन बनवतो. पाठीमागून येणाऱ्या मॅक्रोफेज पेशी त्यानं मरतात. शिकागोच्या एका गटानं 2013 मध्ये ही साखळी उलगडली. गळवात मध्यभागी जंतूंची वस्ती, भोवती न्यूट्रोफिलचा जाड थर आणि मॅक्रोफेज मात्र बाहेरच थांबलेले, असं दृश्य आम्ही काचपट्टीवर पूर्वीपासून पाहत होतो. त्याचं कारण असं सापडलं.

स्युडोमोनासची तऱ्हा वेगळी. हा जंतू पाण्याच्या नळात, सिंकमध्ये, व्हेंटिलेटरच्या नळीत, भाजलेल्या जखमेत असतो. त्याचे जंतू एकमेकांना रासायनिक इशारे देतात. संख्या पुरेशी झाली की सगळे मिळून ऱ्हॅम्नोलिपिड नावाचं साबणासारखं द्रव्य सोडतात. जवळ आलेली न्यूट्रोफिल त्यात फुटते. तिचा डीएनए पुन्हा थरातच जातो.

मॅक्रोफेज ही मागून येणारी, सावकाश पण व्यवस्थित काम करणारी पेशी. मलबा उचलणं, इतरांना बोलावणं, कधी थांबायचं ते ठरवणं ही तिची कामं. उंदरांमध्ये स्टॅफिलोकॉकसची बायोफिल्म घडवून पाहिली तेव्हा असं दिसलं की थराजवळच्या मॅक्रोफेज मारण्याचं काम सोडून डागडुजीच्या कामाला लागतात. जखम भरल्यासारखं धागेदार मांस तयार करू लागतात. सोबतीला हाडाच्या मगजातून येणाऱ्या काही पेशी इतर पेशींना शांत राहण्याचे इशारे देतात. नेहमीच्या जखमेत हे सगळं योग्यच असतं, कारण तोवर जंतू संपलेले असतात. इथे ते संपलेले नसतात आणि भोवती भरून आलेलं मांस त्यांच्यावर पांघरूण घालतं.

बाबांना थंडी वाजून ताप नाही, पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत, तरी गुडघा गरम राहतो, याचं कोडं इथे सुटतं. हा संघर्ष धगधगत्या आगीचा नसून आतल्या आत चाललेला आहे. रक्तात मोजलेल्या पेशींवरून गुडघ्यात काय चाललंय ते कळत नाही. सांध्यातलं पाणी काढून त्यातल्या पेशी मोजल्या तरच कळतं. ते केलं नसेल तर करून घ्या. कृत्रिम सांध्याच्या पाण्यात पेशींचा जो आकडा संशयास्पद मानतात तो मूळच्या सांध्यापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे रिपोर्टवरच्या छापील ‘नॉर्मल’कडे पाहून कुणी धीर देऊ नये आणि आपणही घेऊ नये.

अँटिबॉडीबद्दल, म्हणजे जंतूला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांबद्दल, दोन शब्द. लोकांना वाटतं शरीरानं अँटिबॉडी बनवल्या की काम झालं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुप्फुसात स्युडोमोनासची बायोफिल्म वर्षानुवर्षं राहते. कोपनहेगनमधले नील्स हॉइबी यांनी 1970 च्या दशकापासून अशा रुग्णांना पाहिलं. ज्यांच्या रक्तात या जंतूविरुद्ध अँटिबॉडी जास्त, त्यांची फुप्फुसं लवकर खराब होत होती. अँटिबॉडी थरात शिरून जंतूपर्यंत जात नाहीत, वरच्या द्रव्याशी बांधल्या जातात, त्यांचे पुंजके फुप्फुसात साचतात आणि ते पाहून आणखी न्यूट्रोफिल धावून येतात. ‘जास्त प्रतिकार म्हणजे जास्त संरक्षण’ हे समीकरण बायोफिल्मच्या बाबतीत का चुकतं, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

आता औषध. बायोफिल्ममधल्या जंतूंना मारायला सुट्या जंतूंच्या शंभर ते हजारपट औषध लागू शकतं. एवढी मात्रा माणसाला देता येत नाही. पण याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अँटिबायोटिक एकटं कधीच सगळे जंतू संपवत नाही. डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी 1944 मध्येच पाहिलं होतं की पेनिसिलिनच्या माऱ्यातही स्टॅफिलोकॉकसचे दहा लाखांत एखादा असे जंतू निष्क्रिय होऊन वाचतात. औषध गेलं की तेच पुन्हा वाढतात. हे जंतू रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारे, झालेले नसतात, फक्त त्या वेळी निपचित असतात. साध्या संसर्गात, समजा न्यूमोनियात, औषध गर्दी हटवतं आणि हे उरलेसुरले निपचित जंतू पांढऱ्या पेशी गिळून टाकतात. बरं होणं हे दोघांचं मिळून काम असतं. बायोफिल्ममध्ये निपचित जंतू जास्त असतात आणि त्यांच्यापर्यंत पेशी पोचत नाहीत. म्हणून गोळ्या चालू असताना थरातून सुटलेले जंतू मरतात, सूज उतरते, बरं वाटतं. गोळ्या थांबल्या की थर पुन्हा जंतू सोडायला लागतो. ‘अँटिबायोटिक लागू पडतंय पण पुरत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. ते आत नेमकं असं घडत असतं. आणखी एक कोर्स, मग आणखी एक, यानं काही मिळणार नाही. उलट सुटणाऱ्या जंतूंमधून खरोखरचे रेझिस्टंट जंतू निवडले जातील आणि निदान आणखी अवघड होईल.

कल्चर दोनदा रिकामं आलं, त्याचं बहुधा हेच कारण. जंतू धातूला चिकटलेले आहेत आणि तुम्ही दिलं ते वरून आलेलं पाणी, तेही गोळ्या चालू असताना. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (आपलं नागपूरचं मेयो रुग्णालय नव्हे) 2007 साली काढलेले इम्प्लांट द्रवात ठेवून अल्ट्रासाउंडच्या लहरींनी थर सुटा केला आणि त्या द्रवाचं कल्चर लावलं. ऑपरेशनच्या आधीच्या 14 दिवसांत ज्यांनी अँटिबायोटिक घेतलं होतं, त्यांच्यात नेहमीच्या मांसाच्या नमुन्यातून 45 टक्के संसर्ग पकडले गेले, या पद्धतीनं 75 टक्के. प्रत्येक ठिकाणी ही सोय नसते. पण तीन गोष्टी कुठेही करता येतात. रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर नमुन्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवायची, सर्जनच्या सल्ल्यानं, स्वतःच्या मनानं नाही. ऑपरेशनमध्ये थराजवळच्या पाच-सहा वेगवेगळ्या जागांचे नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत, वेगवेगळ्या स्वच्छ उपकरणांनी घ्यायचे. आणि प्रयोगशाळेला आधी कळवायचं की कृत्रिम सांधा आहे, कल्चर 14 दिवस ठेवा. दोन दिवसांत ‘नो ग्रोथ’ लिहून बाटली फेकली तर सावकाश वाढणारे जंतू सापडणार कसे? पुटकुळीच्या तोंडावरून कापसाच्या बोळ्यानं घेतलेल्या नमुन्यावर विसंबू नका. त्यात कातडीचेच जंतू येतात. आपल्या भागात क्षयरोगाची तपासणीही त्याच नमुन्यांवर करावी, असा माझा आग्रह असतो. त्याचं एक कारण खाली आहे.

विदर्भात हा विषय आणखी दोन ठिकाणी रोज भेटतो, म्हणून थोडं विषयांतर करते. एक म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. या रुग्णांची प्लीहा लहानपणीच निकामी होते, त्यामुळे रक्तातले जंतू गाळणारी मोठी जागाच नाहीशी होते. दुसरीकडे हाडांचे छोटे छोटे भाग रक्त न मिळाल्यानं मरतात. मेलेलं हाड शरीराला परक्या धातूसारखंच असतं, तिथे रक्त नाही म्हणून पेशी पोचत नाहीत, आणि साल्मोनेलासारखे जंतू तिथे थर धरतात. तरुण वयातच खुब्याचा गोळा मरून सांधा बदलायची वेळ यांच्यावर येते, तेव्हा संसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. हाडदुखी म्हणजे नेहमीचा क्रायसिस (सिकलसेलच्या दुखण्याचा झटका) असेल असं धरून, ताप असलेल्या सिकलसेल रुग्णाला घरी थांबवू नये, हे मी प्रत्येक पालकाला सांगते.

दुसरं म्हणजे मधुमेही पाय. पावसाळ्यात अनवाणी शेतात उतरलेल्या माणसाला काटा लागल्याचं कळतच नाही, कारण पाय बधिर असतात. महिनोन्‌महिने न भरणारी ती जखम आपण वरून औषध लावून पाहत राहतो. 2008 मध्ये अशा 50 जुन्या जखमांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले तेव्हा 30 मध्ये बायोफिल्म होती, ताज्या 16 जखमांपैकी फक्त एकीत. जखम खरवडून स्वच्छ केल्यावर पुढचे एक-दोन दिवस थर पुन्हा कोवळा असतो आणि तेव्हा औषध व पेशी दोन्ही चालतात. म्हणून ड्रेसिंग करणारे डॉक्टर पुन्हा पुन्हा खरवडतात. त्यात क्रूरपणा नाही.

तुमच्या बाबांच्या ऑपरेशनचंही तत्त्व तेच. लक्षणं सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या आत असतील आणि इम्प्लांट घट्ट असेल तर सांधा उघडून धुतात, खराब मांस काढतात, मधला प्लास्टिकचा भाग बदलतात आणि धातू तसाच ठेवतात. त्याच झिमर्लींनी 1998 मध्ये अशा स्टॅफिलोकॉकस संसर्गात धातू जागेवर ठेवून दोन गट केले. रिफॅम्पिसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही दोन अँटिबायोटिक मिळून पूर्ण उपचार घेतलेले 12 पैकी 12 बरे झाले, सिप्रोफ्लॉक्सासिन एकटं घेतलेले 12 पैकी 7. रिफॅम्पिसिन मंद वाढणाऱ्या, चिकटलेल्या स्टॅफिलोकॉकसवरही चालतं, म्हणून. पण तुमच्याकडे काही महिने गेले आहेत आणि पुटकुळीचा मार्ग बाहेर पडतोय. अशा वेळी बहुधा सगळा धातू काढावा लागतो. काही वेळा लगेच नवीन बसवतात, काही वेळा मध्ये काही आठवडे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर (तात्पुरता ठोकळा) ठेवून मग दुसरा सांधा बसवतात. यातलं काय करायचं हे तुमचे सर्जन हाड पाहून ठरवतील. ते ‘पुन्हा ऑपरेशन’ म्हणाले ते घाईनं म्हणालेले नाहीत, एवढं मी सांगू शकते.

रिफॅम्पिसिन दिलं तर काही गोष्टी पाळायच्या. ते कधीच एकटं घ्यायचं नाही. ते क्षयरोगाचंही औषध आहे. शरीरात कुठे क्षयरोग लपलेला असेल आणि या मिषानं त्याला अपुरं रिफॅम्पिसिन मिळालं तर क्षयाचे जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतील, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि मी वर म्हटलेली तपासणी. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्यांचा असर त्यानं कमी होऊ शकतो, रक्त पातळ करण्याच्या वॉरफॅरिनचाही, तेव्हा ते चालू करताना मधुमेहाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

आता ‘प्रतिकारशक्ती वाढवायचा उपाय’. तुम्ही गुळवेलीच्या काढ्याचं लिहिलंय. तो देऊ नका. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण आपल्याच देशातल्या यकृततज्ज्ञांनी नोंदवले आहेत, आणि पुढे जी औषधं द्यावी लागतील त्यातलीही काही यकृतावर ताण देणारी आहेत. ‘सांधेदुखीचं खात्रीचं चूर्ण’ म्हणून पुडीतून मिळणारं काहीही देऊ नका. त्यात कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. सूज ओसरते, दुखणं थांबतं, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि आत मोकळीक जंतूंना मिळते.

पेशींना खरोखर हात द्यायचा असेल तर तो साखरेतून द्या. रक्तातली साखर वाढलेली असली की न्यूट्रोफिलची धावण्याची आणि गिळण्याची ताकद दोन्ही घटतात. ऑपरेशनआधी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 7.5 ते 8 च्या खाली आणायला बहुतेक सर्जन सांगतात, त्यासाठी इन्सुलिन लागलं तर त्याला नाही म्हणू नका. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) असेल तर आजपासून बंद. विडी असेल तर तीही. तंबाखूनं कातडीचा रक्तपुरवठा आखडतो आणि टाके भरत नाहीत. दंतवैद्याला एकदा दाखवा, हिरड्यांतून पू येत असेल तर नवा सांधा बसण्याआधी त्याचा बंदोबस्त करा, कारण रक्तातून जंतू नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) तपासा. आपल्याकडच्या वयस्कर माणसांच्या ताटात भात-पोळी भरपूर आणि डाळ पातळ असते. बाबा खात असतील तर अंडी, नाहीतर घट्ट वरण, दही, फुटाणे वाढवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

थर विरघळवणारी एन्झाइम, थरातल्या डीएनएला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी, जंतूंना खाणारे विषाणू, यांवर जगभर काम चाललंय आणि मला त्यात मनापासून रस आहे. पण आज गुडघ्यासाठी यातलं काही नेहमीच्या उपचारात आलेलं नाही. थर अचानक विरघळला तर हजारो जंतू एकदम रक्तात जाऊ शकतात, हीही एक अडचण त्यात आहे.

सर्जनना भेटाल तेव्हा हे विचारा: इम्प्लांट सैल झालंय का, सांध्यातल्या पाण्याच्या पेशी मोजल्या का, नमुने किती घेणार आणि कल्चर किती दिवस ठेवणार, क्षयाची तपासणी होणार का, धातू राहणार की निघणार, आणि अँटिबायोटिक कोण ठरवणार. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत पुटकुळी दाबून पू काढू नका, त्यावर हळद किंवा पावडर घालू नका, स्वच्छ कोरडी पट्टी ठेवा. आणि या मधल्या दिवसांत बाबांना थंडी वाजून ताप आला, गुडघा एकाएकी खूप सुजला किंवा ते असंबद्ध बोलायला लागले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता, रात्र असली तरी, थेट कॅज्युअल्टीत न्या. आधी रक्ताचं कल्चर घ्यायला सांगा, मग पहिलं इंजेक्शन.